मनात पाडलेलं घर

बेळगावच्या कॅम्पातल्या त्या जुन्या शाळेत चित्रकलेचा वर्ग सगळ्यात शेवटी होता. पूर्वी म्हणे तिथे घोडे बांधत. अकोळकर सरांना त्याचं वाईट वाटत नसे. उत्तरेला मोठ्या खिडक्या होत्या, उजेड दिवसभर सारखा पडायचा आणि स्टाफरूमपासून माणूस चार हात लांब राहायचा. स्टाफरूममध्ये चहाबरोबर कोण कधी घरादाराचा विषय काढील याचा नेम नसतो.

१९७८ चा नोव्हेंबर सरत आला होता. एके दिवशी मधल्या सुटीत प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः वर्गात आले. लष्करातून मेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस, चालणं अजून परेडचं. त्यांच्यामागून रवळू शिपाई एक भलंमोठं चामडी पुठ्ठ्याचं बाड दोन्ही हातांवर तोलत आला आणि त्याने ते टेबलावर ठेवलं. लायब्ररीच्या खालच्या कप्प्यात सापडलं होतं. कोण्या मडमेने शाळेला भेट दिलेलं. आतली बहुतेक चित्रं वाळवीने फस्त केली होती, एक तेवढं धड राहिलं होतं.

दीड फूट रुंद, फूटभर उंच कागद. त्यावर लाल खडूने, आपल्या कावेच्या रंगाने, एक प्रचंड पडकी इमारत काढली होती. आभाळात गेलेले खांब, त्यातले दोन मधोमध मोडलेले. मागे एक कमान, तिच्या माथ्यावर झुडपं उगवलेली. कमानीतून खाली उतरणाऱ्या रुंद पायऱ्या आणि पायथ्याशी पाण्याचं टाकं. एवढ्या थोर दगडांत माणसं मात्र मुंगीएवढी. टाक्यावर दोन बायका धुणं धूत होत्या, एक म्हातारा काठीवर रेलून उभा होता, त्याच्याजवळ एक कुत्रं होतं.

"फ्रेंच आहे," साहेब म्हणाले. "दोनशे वर्षांपूर्वीचं. तिकडच्या चित्रकारांना तेव्हा असल्या रोमन पडझडीचं वेडच होतं. आणि गंमत सांगू का, मिस्टर अकोळकर? ही जागा कुठंच नाही. या गृहस्थाने ही इमारत आधी मनात बांधली आणि मग मनातच पाडली."

सरांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

वीस जानेवारीला स्नेहसंमेलन होतं. इंग्रजी नाटक बसवलं होतं, ब्रिगेडियरसाहेब पाहुणे म्हणून येणार होते. त्या नाटकासाठी हे चित्र अठरा फूट रुंद, बारा फूट उंच पडद्यावर उतरवायचं होतं. तीन वर्षं प्रशस्तिपत्रकांवर नावं लिहिण्यात आणि पाण्याच्या टाकीवर 'पिण्याचे पाणी' रंगवण्यात गेलेल्या माणसाला आणखी काय हवं? सर हो म्हणाले.

आता कानांच्या पाळ्या का तापल्या ते सांगायला हवं.

सरांचं पाळण्यातलं नाव भरमा. बाप मायाप्पा, मूळचा अकोळचा, पोटासाठी निपाणीला आलेला. आई तानीबाई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर. मायाप्पा बौद्ध झाला त्या दिवसापासून कुणापुढे वाकला नाही आणि पोरालाही त्याने तेच शिकवलं. तो लवकर गेला. त्यानंतर तानीबाईने तंबाखूच्या खकाण्यात फुप्फुसं झिजवून पोराला कोल्हापूरला चित्रकलेच्या शिक्षकाचा कोर्स करायला पाठवलं. तिथे रजिस्टरवर त्याने आडनावाच्या जागी 'अकोळकर' लिहिलं. खोटं म्हणावं तर गाव खरंच होतं. बेळगावात नोकरी लागल्यावर खोलीसाठी तो तीन घरं फिरला. तिन्ही ठिकाणी आधी चहा मिळाला, मग खोदून खोदून चौकशी झाली आणि मग कुणाचा तरी भाचा राहायला येणार असल्याचं कळलं. चौथ्या ठिकाणी, कॅम्पात, सुभेदाराची विधवा राजाबाई चौकशीला लागली तेव्हा त्याने तिला पुढचं विचारूच दिलं नाही. "अकोळला आमचं दगडी खांबांचं घर होतं," तो म्हणाला. "पडलं ते. आईवडील मी लहान असतानाच गेले." राजाबाईने हळहळून किल्ली हातात दिली.

एका वाक्यात त्याने घर बांधलं, पाडलं आणि त्याखाली जिवंत आईला पुरलं. त्याला याची लाज वाटत नव्हती असं नाही. फार वाटायची. पण लाजेलाही माणूस सरावतो. दोन महिन्यांतून एकदा तो निपाणीला जायचा, एक मुक्काम करायचा, आणि परतीच्या बसमध्ये तंबाखूचा वास कपड्यांतून जावा म्हणून खिडकीशी बसायचा.

पडद्याचं काम त्याने रीतसर सुरू केलं. दोनशे वर्षांच्या कागदावर रेघा मारणं शक्य नव्हतं, म्हणून चित्र काचेखाली ठेवून त्याने काचेवर इंच-इंचाच्या अंतरावर दोरे ताणले. आडवे अठरा चौकोन, त्यांना आकडे. उभे बारा, त्यांना क, ख, ग. इंचाचा एक चौकोन पडद्यावर फुटाचा करायचा. पडद्याच्या मांजरपाटाला खळ दिली, सरसात काव कालवली. कुठल्या चौकोनात काय आहे याची वही केली. माणसांची नोंद वेगळी: चार-ट, धुणाऱ्या बायका दोन. तेरा-ज, काठीवाला. चौदा-ज, कुत्रं. एवढंच. वहीवर तारीख घातली. या पद्धतीत गंमत अशी की काढणाऱ्याने पूर्ण चित्राकडे बघायचंच नसतं. एक चौकोन बघायचा, तो उतरवायचा आणि त्यावर खूण करून पुढे जायचं. चूक व्हायला वावच नाही, असं तो मुलांना शिकवायचा.

बारा डिसेंबरला, मंगळवारी, तानीबाई शाळेत आली.

ती याआधी कधीच आली नव्हती. प्रिन्सिपॉलसाहेब पडदा बघायला वर्गात उभे होते आणि रवळू दारात येऊन म्हणाला, "सर, निपानीस्नं कोन आलंय बगा तुमच्याकडं."

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली. रस्त्याच्या धुळीने खोकला येतो म्हणून तिने पदर नाकातोंडावरून घेऊन मानेमागे खोचला होता, वखारीत बायका बांधतात तसा. ती उठली आणि ठेवणीच्या लुगड्यातूनही तो वास आला. कितीही धुतलं तरी न जाणारा, कडवट.

"कोण आहेत या?" साहेबांनी विचारलं.

साहेब राजाबाईच्या नवऱ्याच्या पलटणीतले, दर रविवारी तिच्याकडे चहाला येणारे.

"आमच्या गावची आहे, सर," भरमा म्हणाला. "आमच्या घरी कामाला होती."

तानीबाईने त्याच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एक चाळणी हलवायला लागतो तेवढाच. मग तिने तोंडावरचा पदर खाली घेतला आणि साहेबांना हात जोडले.

"व्हय साहेब. ह्यांच्या घरी कामाला हुते मी. लई चांगली मान्सं."

"अशी जुनी माणसं आता राहिली नाहीत," साहेब खूष होऊन म्हणाले.

आईने त्याचं खोटं सावरून घेतलं होतं. तिने चिडायला हवं होतं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर तो उभ्या जागी मोकळा झाला असता. पण ती म्हणाली, "येते, सर," आणि पायऱ्या उतरली. फाटकापर्यंतचं अंतर पन्नास पावलं होतं. तेवढ्यात धावत जाऊन तिला गाठता आलं असतं. तो आत गेला आणि सरस ढवळत बसला.

दुपारी रवळू चहा घेऊन आला. रवळू खानापूर भागातला, गुंजीचा, शेतकरी माणूस. शनिवारी रेल्वेने गावी जायचा, सोमवारी यायचा. बोलणं मोजकं. त्याने कप ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "म्हातारीला साडेतीनच्या गाडीत बसवून आलो, सर."

"बरं केलंत."

"तुमाला बोलवायच्या आदी दोन तास बसलीती गेटाशी. बोलली समदं." त्याने कप पुढे सरकवला. "डाक्टरनं छातीचा फोटू काढाय सांगितलाय. हितं मोठ्या दवाखान्यात. ल्योक घिऊन जाईल म्हनाली."

म्हणजे रवळूला ठाऊक होतं. दारात उभं राहून त्याने सगळं ऐकलंही होतं. भरमाने मान वर केली नाही.

"संमेलन झालं की बघू," तो म्हणाला.

"व्हय," रवळू म्हणाला आणि रिकामा कप घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरमा कमानीपाशी पोचला होता. चौकोन नऊ-ग. वहीत नोंद होती: कमानीचा आतला अंधार, तिरप्या रेघा. दोऱ्यांमधून त्याने खाली पाहिलं तर त्या अंधारात एक बाई उभी होती. ज्वारीच्या दाण्याएवढी, वाकलेली, पाठ इकडे. दोन्ही हात पुढे धरलेले, हातांत काहीतरी गोल.

त्याने वही पुन्हा पाहिली. नोंदीत ती नव्हती. तिरप्या रेघांत नजरेतून सुटली असेल, असं त्याने ठरवलं. तसं होतं कधीकधी. वहीत त्याने चौथी नोंद केली आणि बाई पडद्यावर उतरवली. फुटाच्या चौकोनात उतरवताना हातांतली गोल वस्तू जरा मोठी झाली आणि चाळणीसारखी दिसू लागली. तो तिकडे फार वेळ बघत राहिला नाही.

शुक्रवारी तो पायऱ्यांवर आला. आठ-छ. वहीत लिहिलेलं: रिकाम्या पायऱ्या, एक फुटकी फरशी. त्या फरशीवर बाई होती. आता तिची बाजू दिसत होती आणि एक पाय खालच्या पायरीवर टेकत होता. त्याने ती उतरवली, खूण केली, आणि दोन पावलं मागे येऊन पडद्याकडे पाहिलं. कमानीत एक बाई, पायऱ्यांवर दुसरी. दोघींची पाठ एकाच ठिकाणी वाकलेली.

तो वाकून काचेखाली बघू लागला. नऊ-गमध्ये नुसता अंधार होता. तिरप्या रेघा, वहीत लिहिल्याबरहुकूम.

भरमा भाबडा नव्हता. भुताखेतांना बापाने घराच्या उंबऱ्याआत येऊ दिलं नव्हतं. त्याने दोरे तपासले, कागदाच्या कोपऱ्यांच्या खुणा तपासल्या. काहीही सरकलं नव्हतं. बोटाचं टोक ओलं करून त्याने त्या बाईच्या कडेला टेकवलं. ताजा खडू असता तर बोटाला लागला असता. लागला नाही. रेघा कागदात मुरलेल्या होत्या, इतर रेघांइतक्याच जुन्या, त्याच हाताच्या. त्याने चित्र कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली जानेवारीपर्यंत गळ्यात घालून हिंडला.

नाताळच्या सुटीत निपाणीला जायचं त्याच्या मनात होतं. पण पडदा मागे पडला होता, उतरवलेल्या खांबांवर काव भरायची होती. आणि खरं सांगायचं तर आईच्या समोर जायला तोंड नव्हतं. त्याने पत्रसुद्धा टाकलं नाही.

सुटी संपल्यावर त्याने कपाट उघडलं. बाई सगळ्यात खालच्या पायरीवर बसली होती. नऊ-ठ. आता ती अर्ध्या इंचाची होती आणि तिचं तोंड इकडे होतं. त्याने भिंग घेतलं. डोक्यावरचं कापड नाकातोंडावरून जाऊन मानेमागे खोचलेलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये बाया असं कापड बांधत असतील, कोणी सांगावं. कापडाच्या वर दोनच डोळे होते. दोन ठिपके. ते कशाचीही तक्रार करत नव्हते. वाट बघत होते.

त्याने तिलाही पडद्यावर उतरवलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. चौकोनात जे आहे ते उतरवायचं, एवढंच त्याला येत होतं.

रवळू त्या दिवशी पडद्यासमोर हातात झाडू घेऊन बराच वेळ उभा राहिला.

"ही त्या दिशीची म्हातारी न्हवं?" तो म्हणाला.

"कुठली म्हातारी? फ्रेंच चित्र आहे हे."

"आसंल. पर बसलीया तशीच."

सतरा जानेवारीला प्रिन्सिपॉलसाहेब शेवटची पाहणी करायला आले. खांब बघून त्यांनी भरमाच्या खांद्यावर थाप मारली. कमान बघून म्हणाले, पाहुणे चकित होतील. मग त्यांचा चेहरा बदलला.

"कमानीपासून पायऱ्यांपर्यंत या तीन बायका कोण? मूळ चित्रात इथे एकच आहे." ते काचेवर वाकले होते. त्यांनाही ती दिसत होती. इतके दिवस भरमाला आशा होती की दोष आपल्या डोळ्यांत असेल.

"चुकून झालं, सर. चौकोन मोजताना."

साहेब पडद्याजवळ गेले. खालच्या पायरीवरची बाई जेमतेम वीतभर होती.

"हिच्याकडे बघवत नाही," ते म्हणाले. "तिन्ही काढून टाका. मुलं पुढे नाटक करणार आणि लोक हिच्याकडेच बघत बसतील." ते वळले. "कोणाचा तरी चेहरा वाटतो. ओळखीची आहे का कोणी?"

वर्गात दोघांशिवाय कोणी नव्हतं. खिडकीतून लख्ख उजेड येत होता. हे सांगायला याहून सोपी वेळ त्याला पुन्हा मिळणार नव्हती आणि ते त्याला कळतही होतं.

"नाही, सर," भरमा म्हणाला. "कोणी नाही."

साहेब गेल्यावर त्याने काव आणि चुना कालवून दगडाचा रंग केला. आधी कमानीतली बाई अंधारात गेली. मग फुटक्या फरशीवरची. तिसरीसाठी त्याला गुडघ्यांवर बसावं लागलं. त्याने पायांपासून सुरुवात केली. डोळ्यांवरून कुंचला फिरवताना हात अडेल असं त्याला वाटलं होतं. अडला नाही. सवयीचा हात, सफाईने फिरला.

मग त्याने काचेखाली पाहिलं. नऊ-ठमध्ये रिकामी पायरी होती. भिंग लावून त्याने दोनशे सोळा चौकोन एकेक करून पाहिले. दोन बायका, काठीवाला, कुत्रं.

त्याला हलकं वाटलं. सुटलो, असं तो मोठ्याने म्हणाला. आणि म्हटल्याबरोबर त्याला स्वतःची एवढी किळस आली की तो तसाच जमिनीवर बसून राहिला.

संमेलन झोकात झालं. पडदा उघडला तेव्हा टाळ्या पडल्या, ब्रिगेडियरसाहेबांनी हात हातात घेतला, राजाबाई शेजारणींना सांगत होती की खांब कसे हुबेहूब, अहो, यांच्या गावचंच घर तसं होतं. भरमा हसला. त्याच वेळी त्याने मनाशी ठरवलं, आता बस्स. आईला आणायचं, दवाखान्यात न्यायचं, खोलीवर ठेवायचं. राजाबाईने घराबाहेर काढलं तर काढलं.

सोमवारी रवळू गावाहून परतला तेव्हा भरमा फाटकाशीच थांबला होता.

"रवळूमामा, या रविवारी तिला घेऊन येतो. फोटो काढायला. त्या दवाखान्यात तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?"

"कुनाला, सर?"

"त्या दिवशी आली होती तिला. तुम्ही गाडीत बसवून दिलंत."

"ती व्हय. तुमच्या घरची कामवाली."

भरमाने श्वास घेतला. "ती माझी आई आहे, रवळूमामा. तुम्हाला माहीत आहे. तिने तुम्हाला सांगितलं होतं."

रवळूने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत टोमणा असता तर भरमाने तो आनंदाने सोसला असता. पण रवळूच्या डोळ्यांत नुसती कळकळ होती.

"आसं काय बोलताय, सर? तुमची आई तुमी ल्हान आसतानाच गेली की. त्या म्हातारीनंच सांगितलं मला. पोरकं पोर लई शिकलं, म्हनली."

आणि तो घंटा द्यायला गेला.

रविवारी भरमा सकाळच्या पहिल्या लाल बसने निघाला. संकेश्वर गेलं, तवंदीचा घाट आला. वखारींवरून येणारा तंबाखूचा वास बसमध्ये शिरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तो छाती भरून घेतला. त्याने मनात वाक्यं जुळवली होती. पाय धरायचे आणि म्हणायचं, मी चुकलो.

गल्लीच्या तोंडाशी पारूबाई विड्यांची पानं कापत बसली होती. आई वखारीत गेली की हीच त्याला भाकरी द्यायची. दोन वेळा तिच्या हातचा मारही त्याने खाल्ला होता.

"पारूआक्का, आई हाय न्हवं घरात?"

पारूबाई कात्री बाजूला ठेवून उभी राहिली. पदर सारखा केला.

"कुनाची आई, साहेब?"

"आक्का, मी भरमा."

"कोन भरमा?" ती संकोचाने म्हणाली. "तुमाला तानाक्का पायजे काय? त्येच घर. पर तिला न्हाय कोन. मूलबाळ झालंच न्हाय तिला."

तो पुढे गेला.

घराच्या बाहेरच्या भिंतीवर, दाराच्या डाव्या अंगाला, त्याने सहा वर्षांचा असताना कावेने बैल काढला होता. त्याचं पहिलं चित्र. तानीबाई दरवर्षी भिंतीला चुना द्यायची तेव्हा तेवढा बैल सोडून द्यायची.

भिंत पांढरीशुभ्र होती.

त्याने नखाने खरवडलं. चुन्याचा पापुद्रा निघाला, खाली दुसरा, त्याखाली तिसरा. वर्षावर वर्षं. तो मातीपर्यंत पोचला. कुठेही लाल नव्हतं.

"कोन हाय?"

तानीबाई दारात उभी होती. खोकल्याने वाळलेली, पण तीच. त्याला बघून तिचं तोंड उजळलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"आगं बया. सर आले. आत या, आत या."

तिने एकुलती एक खुर्ची पदराने पुसली. तो बसला. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"तू बस ना," तो म्हणाला.

"न्हाय, न्हाय. तुमच्या म्होरं कशी बसू?"

"मी तुला न्यायला आलोय. दवाखान्यात. फोटो काढायला."

"तुमी कशाला तरास घेता? तुमच्या घरचं मीठ खाल्लंय मी." ती हसली. तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, राग नव्हता, त्याने कितीही शोधला तरी. "आकुळच्या घरात कामाला हुते न्हवं. ती थोरली दगडी खांबं. पायऱ्या झाडू झाडू कंबार मोडायची. पडलं त्ये घर, लई वाईट झालं. तुमच्या आईसाब काय देवमानूस. तुमी पाळन्यात असतानाच गेल्या."

हे घर त्याने फक्त राजाबाईला सांगितलं होतं.

तो खुर्चीवरून उतरला. जमिनीवर बसून त्याने तिचे पाय धरायला हात पुढे केले. तिने घाईघाईने पाय मागे घेतले.

"आसं करू नगा, साहेब. लोक काय म्हंतील?"

बाहेर पारूबाईची कात्री पुन्हा सुरू झाली होती. जुळवून आणलेल्या वाक्यांतला एकच शब्द बाहेर आला.

"आई," तो म्हणाला.

तानीबाईने वळून मागे पाहिलं, कोणाची आई आली ते बघायला.